येतो म्हणून निघालेला माणूस

खुर्चीत बसणाऱ्याला आकडा दिसू नये म्हणून मोजणीचा पडदा खुर्चीच्या पाठीमागे लावलेला होता. ती व्यवस्था मकरंद सरनोबतनंच केली होती. तेव्हा तो याच प्रयोगशाळेत यंत्र जोडणारा विद्यार्थी होता. आज तो खुर्चीत होता. डोक्यावर संवेदकांची टोपी, हात गुडघ्यांवर, आणि पाठीमागे डॉ. पाच्छापूरकर मॅडम काहीच बोलत नव्हत्या. मॅडम गप्प बसल्या की आकडा वाईट असतो, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

"सांगा मॅडम."

"एकसष्ट."

"मागच्या वेळीही तेवढाच होता."

"यंत्र चांगलं बनवलंय तुम्ही. जागचं हलत नाही," मॅडम म्हणाल्या. "काढा ती टोपी. चहा घेऊ."

कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी आकडा विसाच्या आत यावा लागे. संधी तीन मिळत. दोन गेल्या होत्या; आजची मोजणी नुसती सरावाची. तिसरी परवा होती, निरीक्षक बाईंच्या समोर. ती हुकली तर मकरंदला आणि त्याच्या मुलीला हाल्वर शहर सोडावं लागणार होतं.

उत्तरेकडच्या या थंड देशात माणसं कमी आणि कामं फार. म्हणून त्यांनी चाळिशी ओलांडलेल्यांसाठीही अभ्यासक्रम काढले होते. या, दोन वर्षं शिका, मग इथेच राहा. मकरंद शिरोलीच्या फाउंड्रीत अठरा वर्षं भट्ट्यांची तापमापकं सांभाळत होता. पंचेचाळिसाव्या वर्षी दप्तर घेऊन तो इथे वर्गात बसला. पहिल्या दिवशी दोन पोरांनी त्याला प्राध्यापक समजून जागा दिली होती. ते त्यानं फोनवर सांगितल्यावर त्याची बायको सुमेधा इतकी हसली की हातातला डाव खाली पडला. तिनंच त्याला ढकलून पाठवलं होतं. "तू हो पुढं. कागद हातात आला की मी आणि शाल्मली येतो. दोन वर्षं काय, चुटकीसरशी जातील."

पाचव्या महिन्यात सुमेधाच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. मकरंदला विमान मिळालं तोवर सगळं उरकलं होतं. तेराव्यानंतर तो शाल्मलीला घेऊन परत आला, कारण कोल्हापुरात तिला सांभाळायला कुणी नव्हतं, आणि अभ्यास अर्धा सोडला असता तर सुमेधा ते पाच महिने एकटी राहिली ते फुकट गेलं असतं. तेवढं एकच त्याला कळत होतं. ते फुकट जाऊ द्यायचं नाही.

मॅडम मूळच्या बेळगावच्या. तीस वर्षं इथे राहूनही चहात आलं किसून घालत. त्यांनी कप पुढे सरकवला.

"यंत्र माझ्या बाबतीत चुकतंय," मकरंद म्हणाला. "मला परत जायचं नाही मॅडम. शपथेवर सांगतो. तिकडं आहे काय माझं?"

"तुम्हाला काय वाटतं ते यंत्र विचारतच नाही. तुम्ही ते बनवलंत, आणि मी तुम्हाला सांगायचं?"

"सांगा. आज मी इंजिनियर नाही, उमेदवार आहे."

"बरं. दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात, तरी मेंदूतला एक कोपरा त्या पातेल्यापाशी उभा राहतो. तुम्ही गप्पा मारा, पेपर वाचा, तो कोपरा धडधडत राहतो. त्याला आपण उघडा फेरा म्हणतो. जाऊन गॅस बंद केला की फेरा मिटतो. घरातून निघालेल्या माणसाचाही असाच फेरा असतो. घरी पोचल्याची खूण मेंदूला पटली की मिटतो. असे जेवढे फेरे उघडे, तेवढी परतओढ. परतओढमापक तेवढंच मोजतं. कुठं परतायचंय, कुणाकडं, ते त्याला कळत नाही."

"आणि विसाच्या वर असलेली माणसं पळून जातात."

"पळून नाही. इथे शिकतात, परवाना घेतात आणि चार वर्षांत निघून जातात. पंचविशीतलं पोरगं रुजतं. पंचेचाळिशीतला माणूस मागं बघत बसतो. या लोकांचे पोळलेत हात." मॅडमनी कप खाली ठेवला. "पण तुम्ही तर घरी जाऊन आलात. मग फेरा मिटला का नाही?"

मकरंदनं खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. त्यात इथल्या फ्लॅटची छोटी किल्ली होती, आणि कोल्हापूरच्या घराची लांब पितळी किल्ली होती.

"मी रोज संध्याकाळी फ्लॅटच्या कुलपात आधी हीच घालतो," पितळी किल्लीवर बोट ठेवून तो म्हणाला. "रोज. शाल्मली हसते मला. तेव्हा तिकडं गेलो, दारात उभा राहिलो. शेजारच्यांनी दार उघडलं. आत पोरगी भिंतीला टेकून बसली होती. बोलली नाही. मी घरात गेलो, पण... पोचलो असं काही वाटलं नाही."

मॅडमनी किल्ली हातात घेऊन पुन्हा खाली ठेवली.

"पहिल्यांदा निघताना बायकोला काय म्हणाला होतात?"

"काय म्हणणार? येतो."

"येतो!" मॅडमनी कपाळावर हात मारला. "मी तीस वर्षं या मेंदूंच्यात घालवली, आणि हे दिसलं नाही मला. अहो, इथली माणसं निघताना निरोप घेतात. निरोप घेतला की फेरा मिटला. आपण मात्र निघताना फेरा उघडतो. आमच्याकडं कानडीत जाऊन येतो म्हणतात, तमिळ लोकही तेच म्हणतात. म्हणून तर आपलीच माणसं या खुर्चीत अडकतात!"

"मग हे निरीक्षक बाईंना सांगा."

"सांगितलं तर त्या म्हणतील, शब्द कुठलाही असो, ओढ खरी आहे ना? आणि त्यांचं चुकणार नाही." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "एक उपाय आहे. निघाल्याचा तोच प्रसंग पुन्हा उभा करायचा आणि मिटवणारा शब्द उच्चारायचा. काहींना लागू पडतो."

"मिटवणारा शब्द म्हणजे..."

"तुम्हाला कळलाय तो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मकरंदनं फोनमधल्या जुन्या चित्रफिती यंत्राला दिल्या. यंत्रानं त्यातून आभासी उंबरठा तयार केला. त्यानं टोपी घातली आणि डोळ्यांवर चित्र दाखवणारा पट्टा चढवला. समोर घराचं दार होतं, जिन्यातली सायकल होती, आणि दारात सुमेधा होती. हाताला कणीक लागलेली. घाई चाललेली.

"पासपोर्ट घेतलास ना?" सुमेधा म्हणाली. हे ती खरंच म्हणाली होती.

"घेतला."

"मग नीघ की. उभा काय राहिलास?"

त्यानं तोंड उघडलं. शब्द तीन अक्षरांचाही नव्हता. पण आजवर दारात उभं राहून तो कुणालाच म्हटलेला नव्हता. लहानपणी एकदा चुकून तोंडातून गेला होता, तेव्हा आईनं परत घरात बोलावून पाटावर बसवलं होतं आणि नीट बोलायला लावलं होतं. आणि आता तो शब्द, हिला?

"जातो," तो म्हणाला.

चित्रातली सुमेधा हसली. तिला तेवढंच येत होतं. "ये," ती म्हणाली.

त्यानं पट्टा ओढून काढला. मॅडम या वेळी आकडा सांगायला तयार नव्हत्या. त्यानंच मान वळवून पडद्याकडं बघितलं. एकोणऐंशी.

"मेंदूनं ऐकलं नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "उलट आणखी घट्ट धरून ठेवलं."

"बरं केलं," मकरंद म्हणाला, आणि आपण असं का म्हणालो ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

परीक्षेच्या सकाळी त्याला शाल्मलीच्या आधी निघावं लागलं. ती चौदा वर्षांची होती. तिचं नाव परवान्याच्या त्याच अर्जावर होतं, म्हणून तिलाही नंतर यायचं होतं. "येतो गं," दार ओढून घेताना तो म्हणाला. "मीच येतेय ना तिकडं," ती पलंगावरून ओरडली, "तू कुठं येतोयस?"

निरीक्षक रुड बाई उंच होत्या आणि कमी बोलत. त्यांनी टोपी स्वतः तपासली, वेळ लावली आणि पडद्यासमोर बसल्या. मकरंदनं डोळे मिटले. मॅडम गप्प होत्या. फार वेळ गप्प होत्या.

"चौसष्ट," रुड बाई म्हणाल्या. "मला वाईट वाटतं."

"थांबा," मॅडम म्हणाल्या आणि मकरंदकडं वळून मराठीत विचारलं, "सकाळी मुलीला काय सांगून निघालात?"

"येतो म्हणालो. दुसरं काय?"

"म्हणजे तोही एक उघडाच आहे!" त्यांनी रुड बाईंना घाईघाईनं समजावलं. चौसष्टातला काही भाग इथलाच आहे, या शहरातला, बाहेर बाकावर बसलेल्या मुलीचा. तो परदेशाच्या खात्यात कसा धरता? रुड बाईंनी घड्याळ पाहिलं. कुटुंबातल्या माणसानं मोजणीच्या वेळी हजर राहायला नियमाची आडकाठी नव्हती. त्यांनी मान हलवली.

शाल्मली आत आली. लोकरी टोपी, गळ्यात दप्तर, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. "बाबा, झालं का तुझं? केवढा वेळ!"

"एकावन्न," मॅडम म्हणाल्या. "पन्नास. सेहेचाळीस. उतरतोय... एकेचाळीस."

मग त्या थांबल्या. आकडाही थांबला. मकरंदला पडदा दिसत नव्हता, पण उरलेला भाग कुणाचा ते त्याला पडद्याशिवाय कळत होतं. तो हलणार नव्हता. रुड बाईंनी लेखणी उचलली.

"मी मोजणी बंद करते आहे," त्या म्हणाल्या.

शाल्मलीला त्यांचं बोलणं कळलं. तिनं बापाकडं बघितलं. वायरींच्या टोपीखाली डोळे गच्च मिटून तो बसला होता, दवाखान्यात इंजेक्शनला घाबरलेल्या माणसासारखा. काय करावं ते तिला सुचेना. सुचेनासं झालं की ती नकला करायची.

सुमेधा नवऱ्याला एरवी नावानं, एकेरीत हाक मारायची. पण तो कामावरून आला की दार उघडताना मात्र ती सासूची नक्कल करून कमरेवर हात ठेवायची आणि आवाज चढवायची. घरातला तो जुना विनोद होता. ती गेल्यापासून तो कुणी केला नव्हता.

शाल्मलीनं सफरचंदासकट हात कमरेवर ठेवला.

"अहो! आलात का एकदाचे?"

मकरंदनं डोळे उघडले. घरातला फ्रिज घरघरत असतो, आणि तो बंद पडल्यावरच कळतं की इतका वेळ घरघर चालली होती. तसं काहीतरी त्याच्या आत बंद पडलं.

"आलो," तो म्हणाला. ते आपोआप तोंडातून गेलं. रोज तसंच जायचं.

"तीस," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला. "बारा. सरनोबत, सात... तीन!"

रुड बाई पडद्याजवळ वाकल्या. मग त्यांनी पहिल्यांदाच हसून हात पुढे केला. "अभिनंदन. आता तुम्ही या देशाचे रहिवासी. तुमच्या मायदेशी केव्हाही जाऊन येऊ शकता. आता कसलीच अडचण नाही."

शाल्मली ओरडली, मॅडमच्या गळ्यात पडली, सफरचंद खाली पडलं. मकरंद खुर्चीतून उठला नाही. रुड बाई गेल्यावर तो म्हणाला, "मॅडम, पुन्हा मोजा."

"वेड लागलं का? पास झालात."

"मोजा ना."

त्यांनी मोजलं. तीन.

"सुमेधाचा कुठं गेला?"

मॅडम त्याच्या समोर येऊन बसल्या. "मिटला. यंत्र काही पुसत नाही हो, तुम्हाला माहितेय. तुम्ही येतो म्हणून निघालात, आणि आलात का म्हणून कुणीतरी विचारलं. मेंदूला वाटलं, पोचलो."

"मग आता तो पुन्हा उघडायचा असला तर?"

"त्याला निघावं लागतं, सरनोबत. येतो म्हणावं लागतं. आणि ज्याला म्हणायचं ते माणूस समोर लागतं."

त्यानं मान हलवली. यंत्र त्यानंच बनवलं होतं. चुकत असतं तर बरं झालं असतं, पण ते चुकत नव्हतं.

बसमधून घरी जाताना शाल्मली सारखी बोलत होती. सुट्टीत कोल्हापूरला जाऊ. आता जाता येईल. घर उघडून झाडू, तिथंच राहू, रंकाळ्यावर जाऊ. "जाऊ ना बाबा?"

"जाऊ की," तो म्हणाला. शब्द बरोबर होते. पण ते बोलताना आत कुठं काही ओढलं गेलं नाही. दोन वर्षं तो याच परवानगीसाठी झगडला होता. ज्याला ओढ उरली नाही, त्यालाच ती मिळत होती, आणि हे तर त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नियमच तसा होता.

जिना चढून ते दारापाशी आले. त्यानं खिशातून जुडगा काढला, किल्ली कुलपात घातली आणि फिरवली. दार उघडलं.

"बाबा!" शाल्मली टाळ्या पिटत म्हणाली. "आज पहिल्याच फटक्यात!"

ती आत पळाली. दिवे लागले. मकरंद बाहेरच उभा राहिला. जुडग्यातली पितळी किल्ली त्यानं बोटांत धरली, उलटी केली, सुलटी केली. मग मुद्दाम तीच कुलपाशी नेली. पण त्यासाठी हाताला सांगावं लागलं.