हवालदार वाचला

"आता त्यानं लाथेनं दार तोडलं, बाबा. एकटाच आत शिरलाय. आत सात जण आहेत... नाही, आठ. एक टेबलाखाली लपलाय."

शुक्रवारचा दुपारचा खेळ. थिएटर अर्ध्याहून जास्त रिकामं. ती वडिलांच्या कानाशी लागून कुजबुजत होती आणि ते डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ऐकत होते. काचबिंदूनं त्यांची नजर सहा वर्षांपूर्वी पुरती गेली. सिनेमाचं वेड मात्र तसूभरही कमी झालं नाही. त्यातून सिनेमा पोलिसांचा असला तर विचारूच नका! उभी नोकरी त्यांनी पोलीस खात्याची गाडी चालवण्यात घालवली होती.

समोरच्या रांगेतल्या माणसानं वळून पाहिलं. झालं, तिला वाटलं. आता हा ओरडणार.

"जरा मोठ्यानं सांगाल का?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "मारामारी सुरू झाली की तुमचं काही ऐकूच येत नाही."

"अहो, पण तुम्हाला समोर दिसतंय ना?"

"दिसतंय हो... तेच तर दुःख आहे."

तिनं ओठ दातांखाली दाबून हसू आवरलं. पण पुढचं वाक्य तिनं एक पट्टी वर चढवूनच सांगितलं.

सिनेमा ठरलेल्या वाटेनं चालला होता. नुकताच बदलून आलेला इन्स्पेक्टर, साऱ्या शहराला मुठीत ठेवणारा गुंड, आणि निवृत्तीला दोन महिने उरलेला एक म्हातारा हवालदार. हवालदार इन्स्पेक्टरला म्हणाला, "साहेब, पुढच्या महिन्यात लेकीचं लग्न आहे, यायचं हं!" तेव्हाच तिनं ओळखलं. असल्या सिनेमात लेकीचं लग्न ठरलं की हवालदाराचं काही खरं नसतं. इन्स्पेक्टरला पेटून उठायला कुणीतरी जावं लागतं.

आणि तसंच झालं. गोळी सुटली. हवालदार पायऱ्यांवर कोसळला आणि बासरी वाजायला लागली.

"काय झालं?" बाबांची बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट झाली होती.

"काही नाही, बाबा. खांद्याला चाटून गेली. उठून बसलाय. पट्टी बांधतायत."

समोरची मान गर्रकन वळली. पडद्याच्या उजेडात तिनं पटकन ओठांवर बोट ठेवलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग पुन्हा तिच्याकडे...

"वाचला बिचारा!" पुढं वळत तो जरा मोठ्यानंच म्हणाला. "थोडक्यात निभावलं."

मध्यंतरात तो चहाचे तीन कप सांभाळत त्यांच्या रांगेत आला. एक कप त्यानं बाबांच्या हातात अगदी नीट, कान त्यांच्या बोटांत देऊन ठेवला. हे तिनं पाहिलं. लोक सहसा कप पुढं करून नुसते उभे राहतात.

"काय काम करता?" बाबांनी विचारलं.

"सिनेमे बघतो. पेपरात त्यांच्यावर लिहितो."

"आणि पोट कशावर भरतं?"

"त्याच्यावरच. म्हणून तर असा बारीक आहे."

बाबा खळखळून हसले. मग म्हणाले, "तुम्ही लिहिताच आहात तर एक लिहा, पेपरवाले. हे इन्स्पेक्टर गाडी चालू ठेवून उडी मारतात. एकानंही आजवर हँडब्रेक लावलेला ऐकला नाही मी! आणि आठ माणसं लोळवली, पण पंचनामा कोण करणार? चार दिवस लिहीत बसावं लागतं."

"मग तरी का येता बघायला?"

बाबांनी चहाचा घोट घेतला. "अहो, इथं माणूस हाक मारतो आणि कुणीतरी येतं. दार तोडून का होईना, वेळेत येतं. एवढ्यासाठी येतो."

त्यानं खिशातून वही काढली, पण लिहिलं काहीच नाही. तिच्याकडे बघत राहिला. तिनं नजर कपात बुडवली.

ती बसस्थानकावर निवेदिका होती. काचेच्या लहानशा खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे दिवसभर सांगायचं. रविवारी सकाळी गाड्यांच्या मधल्या फुरसतीत तिनं पेपर उघडला आणि पुरवणीतला मजकूर वाचता वाचता तिचा चेहरा आधी फुलला, मग पांढरा पडला.

त्यानं लिहिलं होतं: 'पाठलाग श्वास रोखायला लावतो, मारामाऱ्या नेटक्या आहेत, आणि इन्स्पेक्टर एका नजरेत जे बोलतो ते त्याला पानपानभर संवाद देऊनही साधलेलं नाही. पण पुढं काय होणार हे प्रेक्षकाला लेखकाच्याही आधी ठाऊक असतं. गुंडाला चेहरा आहे, माणूसपण नाही. नायिका पळवून नेण्यापुरतीच आहे. आणि कुणीही हँडब्रेक लावत नाही.'

इथवर ठीक होतं. पण खाली आणखी एक परिच्छेद होता. 'माझ्या मागच्या रांगेत मात्र दुसराच सिनेमा चालू होता. एक मुलगी आपल्या दृष्टिहीन वडिलांना तो सांगत होती. पडद्यावर मेलेला हवालदार तिनं वाचवला. लेखकाला त्या हवालदाराचा उपयोग होता, तिला त्याची काळजी होती.'

जेवणाच्या सुट्टीत ती तडक पेपरच्या कचेरीत पोहोचली. पुरवणीच्या खोलीत तो कागदांच्या ढिगाआड बसला होता. तिला पाहून इतक्या घाईनं उठला की खुर्ची मागं पडली.

"तुम्ही! या ना, बसा..."

"बसायला नाही आले." तिनं पेपर टेबलावर आपटला. "हे काय लिहून ठेवलंत?"

"तुमचं नाव कुठं लिहिलंय मी?"

"नाव कशाला हवंय? शेजारच्या मावशी बाबांना रोज पेपर वाचून दाखवतात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. जाहिरातींसकट!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "मला वाटलं... ज्यांना दिसत नाही त्यांच्यापर्यंत हे जाणारच नाही. धरूनच चाललो मी. चुकलं माझं."

तिचा राग ओसरायला तयार नव्हता, पण आवाजच दगा द्यायला लागला. "बाबांच्या गाडीत त्यांचा हवालदार गेला. खराखुरा. माझा काकाच तो, सख्ख्यापेक्षा जवळचा. बाबा गाडी चालवत होते, तो मागच्या सीटवर जखमी होऊन पडला होता... दवाखाना तीन चौक राहिला होता. वर्षभर बाबा कुणाशी धड बोलले नाहीत. मग डोळे गेले. म्हणून मी सिनेमात एकही हवालदार मरू देत नाही. कळलं?"

त्यानं खुर्ची उभी केली, पिशवी खांद्याला लावली. "चला."

"कुठं?"

"तुमच्या घरी. चूक मी केली, बोलणी तुम्ही का खायची?"

तिनं कामावर फोन करून दुपारची सुट्टी मागितली. बसमध्ये त्यानं तिला खिडकीची जागा दिली आणि स्वतः दांडा धरून उभा राहिला, शेजारची सीट मोकळी असूनही. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते. तिनं ते बाजूला सारले नाहीत. रडवेला चेहरा झाकायला बरे होते.

बाबा गॅलरीत बसले होते. मांडीवर पेपरची घडी.

"कोण, पेपरवाले का? डावी चप्पल घासत चालता तुम्ही. मी मध्यंतरातच हेरलं होतं."

"काका, मी माफी मागायला..."

"थांबा. चिमे, इकडं ये."

ती त्यांच्या पायाशी जाऊन बसली. बाबांनी चाचपत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अगं, डोळे गेले म्हणून कान गेले का माझे? बासरी वाजली की हवालदार गेला, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. या सहा वर्षांत अकरा हवालदार वाचवलेस तू. मोजलेत मी. एकावर तर लागोपाठ तीन गोळ्या सुटल्या, तरी तू त्याला चालत घरी पाठवलंस!"

"बाबा... मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या मायेनं सांगायचीस की मोडवेना." मग बाबा त्या दोघांना उद्देशून नव्हे, समोरच्या हवेला म्हणावं तसं म्हणाले, "तो गेला तेव्हा बासरी नव्हती. नुसते वायपर फिरत होते. पाऊस कधीच थांबला होता, पण बंद करायचं सुचलंच नाही मला."

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मग ते बोलतच राहिले. हवालदारकाका गाडीत बसून गाणी कशी बेसूर म्हणायचे, डबा स्वतःचा न खाता दुसऱ्यांचाच कसा खायचे... ती हसत होती आणि रडत होती. तो उंबऱ्याशी उभा होता. आत यावं की निघून जावं हे न कळून.

"पेपरवाले," बाबा शेवटी म्हणाले, "हवालदाराबद्दल लिहून चुकलात तुम्ही, पण माझ्या पथ्यावर पडलं. आता उभे का? बसा."

पुढच्या शुक्रवारी तो समोरच्या रांगेत बसला नाही. बाबांच्या दुसऱ्या हाताला बसला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. आता ती पडद्यावर जे घडेल तेच सांगायची. ती दमली की तो सांगायचा आणि हमखास गोंधळ घालायचा.

"कोणी कोणाला मारलं?" बाबा वैतागायचे.

"निळ्या शर्टवाल्यानं... नाही, दोघंही निळ्याच शर्टात आहेत, काका."

"तुम्ही समीक्षक कसे झालात हो?" ती बाबांच्या पाठीमागून विचारायची.

"शिफारशीनं." तो तिथूनच हसायचा. अंधारातही तिला ते कळायचं, आणि मग पुढची दोन दृश्यं तिच्या सांगण्यात थोडी मागंपुढं व्हायची.

एका शुक्रवारी बाबांचा गुडघा दुखायला लागला. नेमका निघायच्या वेळी.

"कालपर्यंत तर ठणठणीत होता," ती म्हणाली.

"गुडघाच तो. विचारून दुखतो का? जा तुम्ही दोघं."

थिएटरात त्या दिवशी दोघांच्या मध्ये बाबांची खुर्ची नव्हती. पडद्यावर पुन्हा एक इन्स्पेक्टर, पुन्हा एक गुंड. ती गप्प बसून होती. सांगायचं कुणाला?

"सांगा ना," तो हळूच म्हणाला.

"तुम्हाला दिसतंय की."

"सवय झालीय... तुमच्या आवाजाशिवाय मला काही खरंच वाटत नाही."

ती वळली. तो पडद्याकडे नव्हे, आपल्या हातांकडे बघत होता. तिकीट दुमडून दुमडून त्याचा नखाएवढा चौकोन झाला होता.

"बाहेर जाऊ या?" ती म्हणाली.

"सिनेमा अर्धा टाकून? आजवर कधी नाही केलं मी असं."

"मग बसा तुम्ही..."

तो तिच्याही आधी उठला.

बाहेर चार वाजताचं ऊन फुटपाथवर तिरपं पडलं होतं. दोघं बराच वेळ नुसते चालत राहिले. दिवसभर शेकडो माणसांना वाट सांगणाऱ्या तिला एक शब्द सापडेना.

"मी आधी शुक्रवारची वाट बघायचो ती सिनेमासाठी," तो अडखळत म्हणाला. "आता... सिनेमा नसला तरी चालेल. शुक्रवार हवा."

"फक्त शुक्रवार?"

"नाही. म्हणजे... सगळेच वार."

"रविवारी मला ड्यूटी असते."

"मग मी बसस्थानकावर येऊन बसेन. तू सांगशील त्या फलाटावर."

तो गचकन थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सॉरी, चुकून 'तू'..."

"राहू दे," ती म्हणाली. तिनं त्याच्या मुठीतला कागदाचा चौकोन काढून घेतला आणि त्या जागी आपली बोटं ठेवली. "'तू' म्हणालास ते बरं वाटलं ऐकायला. मलाही सगळे वार हवेत."

ती घरी आली तेव्हा बाबा गॅलरीत फेऱ्या मारत होते. चाहूल लागताच त्यांनी लगबगीनं खुर्ची गाठली आणि गुडघ्यावर हात ठेवला.

"लवकर सुटला सिनेमा?"

"अर्धाच पाहिला."

"अस्सं." बाबांनी घसा खाकरला. "एक विचारू? जगातलं सगळं सांगतेस मला. हा दिसतो कसा, हे कधी सांगितलं नाहीस."

ती त्यांच्याजवळ टेकली. सांगायला तोंड उघडलं आणि कितीतरी वेळ नुसतीच हसत राहिली.

"कान जरा बाहेर आलेत. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलाय, तो हसला की दिसतो. चष्मा सारखा घसरतो. केस... आहेत अजून."

"म्हणजे हिरो नाही."

"छे! अजिबात नाही." मग तिचा आवाज आपोआप हलका झाला. "पण बाबा, आपण बोलत असलो ना, की तो ऐकताना सगळा थांबतो. हातातला चहा गार झाला तरी त्याला पत्ता नसतो."

बाबांनी हात पुढं केला, तिचा गाल चाचपला. तो गरम होता.

"उद्या बोलाव त्याला," ते म्हणाले. "तू गप्प बस थोडी, म्हणजे पोराला एकदा तरी गरम चहा मिळेल."