छपराखालची बाई

आमची पहिली भेट भांडणातच झाली. ग्रंथालयात चिनी शब्दकोश एकच, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत एका लांबलचक हातानं कपाटातून उचलला.

"अहो, तो मला हवाय!"

"मलाही. शिकवायला लागतो."

म्हणजे मी नाव घातलेल्या इथल्या संध्याकाळच्या चिनी वर्गाचा मास्तर हाच! माझं डोकं आणखीच तापलं.

मी यंत्रांच्या गोदामात कामाला होते. यंत्रं चीनची, माहितीपुस्तकं चिनी. दोन महिन्यांनी परीक्षा. पास झाले तर भाषांतराच्या टेबलावर, नाही तर जन्मभर खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसायचं. आणि हा शिकवायचा काय? तर गोष्टी!

"छप्पर काढा. खाली बाई बसवा," फळ्यावर खडू फिरवत तो म्हणाला. "झाला शब्द... शांती."

मी उभीच राहिले. "कुणाची शांती? मी घरात असले की काय होतं, ते माझ्या दादाला विचारा!"

वर्ग खो खो हसला. तो मात्र मान तिरपी करून माझ्याकडे बघत राहिला.

"विचारतो की. पत्ता द्या."

कान गरम झाले माझे. रागानंच – असं मी स्वतःला बजावलं.

पुढच्या आठवड्यात 'पूल' हा शब्द. त्यासाठी स्वर्गातली विणकरीण आणि तिचा गुराखी नवरा. स्वर्गाच्या राणीनं केसातल्या आकड्यानं आभाळात नदी ओढून दोघांची ताटातूट केली. वर्षातून एकदा पक्षी पूल बांधतात, तेव्हा भेट.

"आणि दोघांनी हे ऐकून घेतलं?" मी भडकले.

"मग काय करणार?"

"पोहून जायचं!"

"तुम्ही गेला असता?" त्याचा आवाज एकदम खाली आला. मी वही मिटली आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

सराव परीक्षेत मला शंभरात एकतीस मिळाले. घरी जाऊन दादावर ओरडले, ताट सरकवलं आणि ग्रंथपालबाईंना तक्रार लिहिली – मास्तर गोष्टी सांगून वेळ घालवतात.

सोमवारी वर्गात दुसरेच गृहस्थ. रोज चाळीस शब्दांची यादी, घोका आणि लिहा. मी घोकलं. सकाळी उठले की पाटी कोरी! डोक्यात पक्के राहिले होते फक्त ते शब्द, ज्यांच्यावरून मी त्याच्याशी भांडले होते. इतका संताप आला स्वतःचा...

"मास्तर तळघरात आहेत," ग्रंथपालबाई तुटकपणे म्हणाल्या. "वर्ग गेला, आता फाटकी पुस्तकं बांधतात."

मी खाली गेले. "तक्रार मी केली होती."

"माहीत आहे. तुमचं अक्षर ओळखतो मी." त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. "भांडायचात तोंडावर. मग हेच पाठीमागून का? त्याचा राग आलाय मला."

तशीच वर गेले, तक्रार मागे घेतली. पण बाई म्हणाल्या, परीक्षेपर्यंत आता बदल नाही. पुन्हा खाली आले.

"जेवणाच्या सुट्टीत शिकवा मला. इथंच."

"मी अजून रागावलोय."

"रागावूनच शिकवा!"

त्यानं हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं. मग एका पुठ्ठ्यावर त्यानं रेघा ओढल्या. "हा शब्द राग. वर गुलाम, खाली काळीज."

"यातला गुलाम कोण?"

"सध्या तरी... मी," तो पुठ्ठ्याकडे बघत म्हणाला.

महिनाभर आम्ही भांडत शिकलो. मी पास झाले. धापा टाकत सांगायला गेले, तर तो एका पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होता.

"छान. म्हणजे शिकवणी संपली. उद्यापासून कशाला याल तुम्ही?"

एवढंच? माझा तोल गेला.

"आधी ते अहोजाहो बंद कर! आणि तुझ्यासाठी येणार... तुझ्यासाठी! एवढंही कळत नाही?"

पलीकडच्या टेबलावर पुठ्ठे कापणाऱ्या मदतनिसाची कात्री थांबली. तो हळूच हसला.

"कळलं होतं गं. ऐकायचं होतं."

मला इतका राग आला, की मी त्याचा हातच धरला. खळीनं माखलेला होता. दोघांनाही सोडवायची घाई नव्हती.