शेळीच्या दुधावरची शिंगरी

जिंतूरच्या रस्त्यावर घोडी मटकन खाली बसली, आणि कासूच्या तोंडचं पाणीच पळालं.

धोंडीबा धनगराचा वाडा नव्या शिवाराकडं निघाला होता. वाडा म्हणजे मेंढरं, शेळ्या, दोन कुत्री आणि पाठीवर सगळा संसार लादलेली ही एकच घोडी. धोंडीबा मेंढरांसोबत पुढं गेलेला. घोडीचे दिवस भरलेत, असं कासू सकाळपासून सांगत होती. बापाला ते पटलं नव्हतं.

बाजूला तारेचं कुंपण. पलीकडं घोड्यांचा मळा… हिरवागार घास, त्यात चरणाऱ्या उंच, तुकतुकीत घोड्या. आणि डोक्यावर घासाचा भारा घेऊन तिच्याकडंच बघत उभा असलेला एक तरुण.

"बघत काय ऱ्हायलास? मरायलीय ती!"

तो दचकला. भारा तिथंच टाकून त्यानं कुंपण ओलांडलं. सदरा तारेत अडकून टर्रकन फाटला.

"ओझं सोडा आधी," तो म्हणाला. "आन तिच्या तोंडाजवळ बसा. बोलत ऱ्हा."

"काय बोलू?"

"काहीबी. मला बोलत होता, तसंच बोला…"

शिंगरी आली. ओली, तांबूस, काड्यांसारख्या पायांची. घोडी मात्र पुन्हा उठली नाही. रक्त थांबलंच नाही. कासू तिच्या मानेवर डोकं टेकून रडत राहिली, आणि तो कोपरापर्यंत माखलेले हात अंगापासून लांब धरून अवघडून उभा राहिला.

"शेळीचं दूध असंल ना तुमच्याकडं?" त्यानं हळूच विचारलं. "ही जगंल… बहुतेक."

त्याचं नाव नागनाथ. हैदराबादच्या एका शेटच्या त्या मळ्यावर शर्यतीची घोडी पैदा होत. नागनाथ त्यांना खरारा करायचा, पागा झाडायचा. कारभारी चंद्रभानरावांनी शिंगरीला एका रिकाम्या ठाणात ठेवू दिलं. दूध मात्र तुमचं तुम्ही आणायचं, या बोलीवर. धोंडीबानंही मेंढरं जवळच्याच रानात बसवली.

मग कासू सकाळ-संध्याकाळ दुधाची चरवी घेऊन मळ्यावर येऊ लागली. शिंगरीला चरवीतून पिता येईना. नागनाथ दुधात बोट बुडवून तिच्या तोंडात द्यायचा. ती ते लुचायची, आणि तो हळूहळू बोट खाली, दुधात न्यायचा. कासूनंही तसंच केलं. एकदा दोघांची बोटं दुधातच भिडली… नागनाथनं हात झटकन काढून घेतला.

"काय झालं? चटका बसला?" कासूनं विचारलं.

"न्हाई…"

"मग?"

"तुमाला ठाऊक न्हाई का, मी कोण हाय ते?"

"शिंगरीची आई हायेस. दिवसभर तिलाच चाटत बसतोस."

तो हसला. पहिल्यांदाच. कासूला वाटलं, हा माणूस इतके दिवस हसणं कुठं लपवून बसला होता?

"नाव काय ठेवायचं हिचं?"

"पाहुणी," तो म्हणाला. "आली तशी एक दिवस तुमच्यासंगं जाईल."

"आन गेल्यावर?"

नागनाथनं चरवी बाजूला ठेवली. उगीच शिंगरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

सुट्टीच्या दिवशी परभणीहून जीपगाड्या भरून लोक घोडे बघायला येत. नागनाथ नराला लगाम धरून फिरवून दाखवी, आणि त्याच्या मुठीतला तो डौल बघून बायका-पोरं टाळ्या वाजवत. मग सगळ्यांना चहा यायचा. नागनाथची कान तुटलेली कपबशी पागेच्या भिंतीवर वेगळी ठेवलेली असे. एके दिवशी कासूनं ती उचलली, त्याच्यासमोर त्यातूनच चहा प्याली, आणि उरलेला त्याच्या हातात दिला.

"येडी हायेस का गं?" तो पुटपुटला. पण चहा प्याला. सावकाश… संपूच नये असा.

पावसाळ्याच्या मध्यावर हवा बदलली. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, आणि गावागावांत माणसं एकमेकांकडं डोळे वटारून बघू लागली. पारावर कासू दिसली की बोलणं थांबे. "घोडेवाल्या पोराला लय दूध पाजायलीय," असं कुणीतरी मागून म्हणालं.

दोनच दिवसांनी, भर दुपारी, बौद्धवाड्यावरून धूर निघाला.

कासू पागेतच होती. नागनाथ घराकडं धावत सुटला, पण फाटकापर्यंतही पोचला नाही. तेवढ्यात मळ्याच्या फाटकावर काठ्या घेतलेली माणसं आली. त्यांच्या तोंडी त्याचंच नाव होतं. रोज त्याच्याकडून घोडी फिरवून घेणारे चंद्रभानराव म्हणाले, "माझ्या मळ्यावर भानगड नको. मागनं निघ."

मागं नुसतं उघडं रान. कासूनं त्याचा हात धरला आणि ओढतच त्याला मेंढरांकडं नेलं.

धोंडीबानं धूर बघितला होता. तो नागनाथकडं बघत राहिला, मग लेकीनं धरलेल्या हाताकडं.

"याच गावच्या रानात मेंढरं चारायची हायेत मला," तो म्हणाला.

"दादा…"

"चूप बस." त्यानं डोक्याचं पागोटं सोडून नागनाथच्या डोक्याला गुंडाळलं, खांद्यावरची घोंगडी काढली आणि त्याच्या अंगावर टाकली. "मान खाली घाल. कुणी काय इचारलं तर बोलू नको. मुका भाचा हाय माझा."

कळप रस्त्याला लागला. काठ्यावाले समोरून आले. मेंढरांनी रस्ता भरून गेला, शिव्या देत ते बाजूला झाले. कासू मेंढरांना हाका घालत त्याच्या पुढं चालत राहिली. नागनाथच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायलाही त्याला हात वर करता येत नव्हता.

जिंतूरच्या अलीकडं बौद्धवाड्यातून निसटलेली एक म्हातारी भेटली. तिनं सांगितलं, नागनाथची आई भाजलीय. तिला परभणीच्या दवाखान्यात नेलंय.

एसटी येईपर्यंत दोघं लिंबाखाली उभी राहिली. धोंडीबा लांब, पाठ करून.

"त्या गावात आता म्या जायचा न्हाई," नागनाथ म्हणाला.

"नको जाऊ. आमी तरी कुठं एका गावात असतो?"

"कासू, मला तुला एक सांगायचं होतं… पागेतच सांगणार होतो—"

"मला कळलंय ते."

"कवा?"

"तू चहा प्यालास तवा." तिनं डोळे पुसले. "दिवाळी झाली की आमचा वाडा ताडकळसला असतो. धोंडीबाचा वाडा म्हणून इचार."

"ताडकळस न्हाई," पाठमोरा धोंडीबा खेकसला. "यंदा आधी पूर्णेकाठी, मग ताडकळस. पोरगं उगं हिंडत बसंल."

दिवाळी गेली. पूर्णेकाठी तो आला नाही. कासू रोज रस्त्याकडं बघायची, आणि बाप बघत नसल्याचं सोंग करायचा.

तो ताडकळसला आला, बाजारच्या दिवशी. वाळलेला, गालफडं बसलेली.

"आई गेली," तो म्हणाला. "लय दिवस झुंजली."

कासूनं ओठ चावला. "पाहुणीबी. दुसऱ्या दिवशी मळ्यावरून आणली तिला, पण तू गेल्यावर तिनं बोटच धरलं न्हाई."

दोघं शेजारी बसली. माळावरचा वारा थंड होता.

"परभणीत टांगा हाकायलोय," तो म्हणाला. "एक खोली हाय. तुझी माणसं तोंड बघणार न्हाईत तुझं… माझीबी कितीजण बघतील, ठाऊक न्हाई."

"तू बघशील ना?"

त्यानं मान वर केली, आणि ती आधीच त्याच्याकडं बघत होती.

धोंडीबा दोर वळत बसला होता. त्यानं दोर खाली ठेवला. "भावकी मला वाळीत टाकील," तो म्हणाला. "हिच्या आईच्या माहेरचीबी."

कासू घाबरून बापाजवळ गेली. "मग, दादा?"

"मग काय…" म्हातारा उठला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. "मेंढरं थोडीच वाळीत टाकत्यात? जावा आता. बाजारची माणसं माघारी यायच्या आत निघा."