दृष्ट काढलेलं मीठ

परदेशी जाणारी सुकी मासळी आणि दूध पावडर विक्रोळीच्या त्या प्रयोगशाळेत किरणोत्सर्गासाठी तपासली जाई. नमुना शिशाच्या पेटीत ठेवायचा, झाकण लावायचं; आत काही असेल तर यंत्राच्या पडद्यावर सुळका उठतो, आणि तो कुठे उठला यावरून द्रव्य कोणतं ते कळतं. श्रुतिकाची उमेदीची वर्षं या कामात गेली होती. विभागप्रमुखाची खुर्ची मात्र मिळाली कालच्या पोरीला, कल्पिताला. श्रुतिका तोंडभरून अभिनंदन करून आली आणि दुपारी तिने डबा उघडलाच नाही.

त्याच आठवड्यात कल्पिता हसत एक पुडी घेऊन आली.

"आईने माझी दृष्ट काढली गं. मीठ-मोहऱ्या जाळायला निघाली होती, मीच ढापल्या. मोजूया ना?"

"वेडी आहेस का?" श्रुतिका म्हणाली, पण पुडी तिनेच पेटीत ठेवली.

सुळका उठला, आणि तोही कुठल्याच ओळखीच्या द्रव्याच्या जागी नाही. पेटी पुसून कॅन्टीनची मीठ-मोहरी ठेवून पाहिली, काही नाही. पुन्हा पुडी ठेवली. सुळका होताच.

"मशीनची वाट लागली यार," कल्पिता म्हणाली, पण या वेळी हसली नाही. पुडी पेटीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी कल्पिता तापाने फणफणली. औषधाचा गुण येईना. तिची यंत्रासमोरची खुर्ची तात्पुरती श्रुतिकाकडे आली, तरी जो तो दारातून डोकावून विचारी, "कल्पिता मॅडम कधी येणार?" श्रुतिकाच्या अंगाचा तिळपापड होई, आणि समोरच्या पडद्यावर सुळका वर चढे. ती चहाला खाली गेली की तो उतरे. तिने ते नीट पडताळून पाहिलं, एखादा नमुना पडताळावा तसं.

मग भांडुपहून कल्पिताच्या आईचा, अंजनाबाईंचा फोन आला.

"श्रुती बाय, ती पुडी हाय का तुमच्याकडं? जाळायला पायजे ती. पोर डोळं उघडत नाय."

श्रुतिकाचा हात झाकणावर होता. पुडी काढायची, रिक्षा करायची, एवढंच काम. कल्पिता बरी होईल. परत येईल. या खुर्चीत बसेल.

"नाही हो मावशी. फेकली कधीच."

सुळका पडद्याच्या वरच्या कडेला टेकला.

खिडकीतून कांजूरच्या डंपिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याचा वास येत होता. श्रुतिका बघत बसली.

दिवेलागणीला सुळका एकदम खाली बसला.

टेबलावरचा फोन वाजू लागला, नंबर अंजनाबाईंचा. यंत्राच्या हिशेबी पेटीत आता नुसतं मीठ होतं.