उतू न गेलेलं दूध

मल्लेश्वरममधलं ते घर मी पाय बघून घेतलं. माझे आणि बाबांचे. गाडी घ्यायची नाही हे मी कॉलेजातच ठरवलं होतं. आणि निपाणीहून बाबांना आणायचं होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा डावा पाय ओढला जायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालवा, नाहीतर अंथरूण धरतील. इथे कोपऱ्यावर दवाखाना, पुढे भाजीबाजार, रस्ता ओलांडला की बाग. शहर असं असावं, हे मी भेटेल त्याला ऐकवत होते.

घरमालकीण भाग्यलक्ष्मी अक्का खालीच राहायच्या. कित्येक पिढ्या इथल्याच, पण घरात मराठी. किल्ली देताना म्हणाल्या, "सामान नंतर. आधी दूध ठेव गॅसवर. उतू जाऊ दे. स्वल्प जास्तच जाऊ दे."

"कशाला, अक्का?"

"आधी राहून गेले त्यांचा वाटा तो. वर वादिराज अण्णा होते, एकटेच. संध्याकाळी कॉफी प्यायची, फिरायला जायचं. एकदा गेले ते आलेच नाहीत."

"वारले?"

"सापडले असते तर कळलं असतं, अम्मा."

दूध वर चढत आलं आणि माझं डोकं फिरलं. या देशात पोरांना दूध मिळत नाही आणि आपण शेगडीला पाजायचं? मी गॅस बंद केला.

"चार थेंब सांडले असते तर तुझी क्रांती बुडाली असती का गं, कावे?" बाबा खुर्चीतून म्हणाले.

"चहा घ्या, बाबा. का इथली कॉफी करू?"

"ते करपलेलं पाणी तुलाच लखलाभ." त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि भुरका घेतला. कपाने चहा पिताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला घरात जळक्या दुधाचा वास आला. पातेलं स्वच्छ होतं. मी शेगडी घासली, ओटा धुतला. पण रोज त्याच वेळी तो वास यायचा. आधी पुसट, मग घशात बसणारा.

बाबा मात्र खुलले होते. काठी टेकत एकटेच बागेत जायचे.

"एक जण भेटतो," एकदा म्हणाले. "माझ्या डाव्या अंगाला चालतो. तो असला की पाय जड लागत नाही."

"कोण?"

"नाव नाही विचारलं. पण आपलं घर ठाऊक आहे त्याला. स्वयंपाकघरात अजून ऊन येतं का, विचारत होता."

मी तशीच खाली गेले. अक्का वाती वळत होत्या. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "दूध उतू गेलं होतं ना?"

"मी गॅस बंद केला होता."

"जा. आत्ता ठेव."

वर आले तर बाबा फिरायला निघून गेले होते. मी दूध चढवलं, आच मोठी केली. दूध काठापर्यंत आलं... आणि बसलं. कुणीतरी वाकून अलगद फुंकर घालावी तसं. पुन्हा वर आलं. पुन्हा बसलं. खाली ज्योत भडकलेलीच होती.

दार वाजलं. बाबा होते. काठी नव्हती. ताठ चालत आत आले, डावा पाय उजव्यासारखाच पडत होता. क्षणभर मला आनंदच झाला.

त्यांनी पातेल्यात डोकावलं.

"सरी, राहू दे ते आता," ते कानडी हेलात म्हणाले. "कावेरम्मा, स्वल्प कॉफी कर."

मी गॅस बंद केला.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. टक्... मग पाय ओढल्याचा आवाज. टक्... मध्येच थांबून दम खाणं. आवाज आमच्या दारापर्यंत आला.

"कावे... दार उघड गं."

मी खुर्चीकडे पाहिलं. बाबांच्या खुर्चीत, बाबांच्या अंगाने, ते मांडी घालून बसले होते.

"उघडू नको," ते हळूच म्हणाले. "दमलेला माणूस आहे. बसायला मागेल."

मी उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं. भिंतीला काठी टेकवलेली होती, तिच्या टोकाला बागेतली ओली माती.

डॉक्टर म्हणतात, असा बरा झालेला पेशंट पाहिला नाही. मी मान हलवते. आता मी रोज दूध उतू घालवते, आणि ते ओटाभर जातं. त्याचा काही उपयोग नाही. घरातले बाबा फिरायला जात नाहीत. कॉफी पितात आणि खिडकीतून बाग बघतात.

दिवेलागणीला जिन्यावर काठी वाजते. रोज जरा जास्त थांबत, जास्त दमत. मी दाराबाहेर चहाचा भरलेला कप ठेवते, खाली कोरडी बशी.

सकाळी कप रिकामा असतो. आणि बशी ओली.