दाराबाहेरच्या चपला

दवाखान्याच्या धुलाईघरात मी बावीस वर्षं काढली. मला अक्षरओळख नाही, पण तिथे वाचायचं होतंच काय? भिंतीवरचा फोन वाजायचा, मुकादम वरच्या मजल्यावरून हुकूम सोडायचा, आपण "हो साहेब" म्हणायचं. माझी धाकटी जाऊ माझ्याच पाळीला. ती चिडवायची, "जाऊबाई, तुम्ही झोपेतसुद्धा हो साहेब म्हणता. भावोजी उगाच खूश होतात!"

चादरी सुकवायच्या खोलीला जाड लोखंडी दार, कडी बाहेरून. आत जाणारीने चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या. चपला दिसल्या की कडी लावायची नाही, नळ्यांत वाफ सोडून खोली तापवायची नाही. एवढाच नियम.

त्या दुपारी जाऊ चादरी काढायला आत गेली. चपला बाहेर. फोन वाजला.

"कडी लाव. वाफ सोड."

"साहेब, आत माझी जाऊ आहे."

"आत कोणी नाही."

"चपला आहेत की..."

"सांगितलं तेवढं कर."

आवाज मुकादमाचाच. खोटं कशाला बोलू, माझा हात कडीवर गेला. इतक्या वर्षांची सवय, हात थोडाच विचारतो? आतून जाऊचं गुणगुणणं आलं... आणि तिच्या सुरात सूर मिळवणारी आणखी एक बाई.

मी परत फोन कानाला लावला. "नाही लावणार."

पलीकडून तोच आवाज, "तुझ्या आधीचीने लावली होती."

तेवढ्यात मुकादम डबा घेऊन जिना उतरला. "फोनला काय झालंय गं? सकाळपासून मुका आहे."

जाऊ चादरींचा गठ्ठा घेऊन बाहेर आली. "जाऊबाई, त्या बाईंना मदतीला तुम्ही पाठवलंत ना? चांगल्या आहेत हो. पण सारखं एकच... 'आज कडी नाही वाजली?'"

आत कोणी नव्हतं. उंबऱ्याबाहेर मात्र चपलांचे दोन जोड. दुसऱ्याचे पट्टे वितळून तळाला चिकटलेले.

मुकादमाने फोन उपटून काढला, भिंतीवर नुसते खिळे राहिले. तो जोड कोणी हलवला नाही, त्यामुळे कडीही लागली नाही. चादरी गच्चीवर वाळू लागल्या.

मी काम सोडल्यावर माझ्या जागी एक नवी बाई आली. फार गुणी, शब्द खाली पडू देत नाही. परवा भेटायला गेले तर उंबरा लख्ख.

"इथल्या चपला गं?"

"टाकल्या, आजी. साहेबांनी फोनवर सांगितलं."