वकीलसाहेबांचा घाम

जानेवारीची सकाळ. धरमपेठेतली निम्मी माणसं स्वेटरात, आणि मोनालीच्या समोर बसलेला हा तरुण मात्र घामानं न्हालेला!

"माझ्या डाव्या डोळ्यात बघा... हलायचं नाही."

चष्म्याचं माप घ्यायची रीतच तशी. नाकावर पट्टी धरायची, गिऱ्हाइकानं मोनालीच्या डोळ्यात बघायचं आणि तिनं त्याच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं. दुकानात लागल्यापासून कितीतरी माणसं अशी तिच्या डोळ्यांत बघून गेली होती. तिला त्याचं काही नव्हतं. पण याच्या भुवईवरून थेंब निघाला, गालावर ओघळला आणि तिच्या बोटावर पडला.

"तब्येत बरी आहे ना?"

"एकदम फस्क्लास. मले चेहऱ्यालेच घाम येते. तुम्ही मनावर घेऊ नका."

असं सांगितल्यावर कोण मनावर घेणार नाही? मोनालीनं घेतलंच.

नाव प्रशिक. राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला महाल भागात, कोर्टात नवा नवा वकील. चष्मा नेला आणि आठवडा होतो न होतो तोच हजर. "घसरून राहिला." तिनं दांड्या गरम करून त्याच्या कानामागं वळवल्या. पुन्हा घसरला. नाकावरच्या गाद्या बदलल्या, तरी घसरला.

"एवढं काहून बघून राहिले?" एकदा तिनं लटक्या रागानं विचारलं.

"तुम्हीच तर म्हणता, डोळ्यात बघा... मी आपला ऐकून राहिलो."

दुकानाचे मालक मार्तंडराव गल्ल्यावरून हे सगळं बघत होते. "मोनाली, चष्मा ठीक आहे वं. गिऱ्हाईकच घसरून राहिलं!"

मोनाली हसली. तिचंही मत तेच होतं. जवळ आला की घामाघूम – यापेक्षा सरळ कबुली कोणती? घरी आईनं पारशिवनीचं स्थळ आणलं होतं. आई विचारायची, "काय सांगू वं त्यायले?" आणि मोनाली बिनधास्त म्हणायची, "थांब आई. एक जण विचारणार आहे."

पण तो विचारेना. एके संध्याकाळी आला तो चेहरा पाडूनच.

"आज जज्जसाहेबांनी भर कोर्टात विचारलं, 'वकीलसाहेब, पंखा लावू का?' सगळे हसले. अशील म्हणते, तुम्हीच घाबरले तर माझं काय होईल? खरं बोलूनही माणूस चोरासारखा दिसते, मोनालीजी."

"मग चष्म्याचा कान काहून पिळता? घामाची दवाई करा. माझ्या मावशीच्या तळहाताले यायचा. त्वचेच्या डॉक्टरनं केला की आटोक्यात."

तो गेला, आणि कितीतरी दिवस फिरकलाच नाही. दांड्या सैल होईनात की काय कोण जाणे! मोनाली दाराकडे बघायची. आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, असं तिला पहिल्यांदा वाटलं. आईनं तर रविवारी पारशिवनीकरांना बोलावलंही.

शनिवारी तो आला. कपाळ कोरडं ठणठणीत!

तिनं उगाच पट्टी काढली. "डाव्या डोळ्यात बघा."

त्यानं बघितलं. एक थेंब नाही. "बरं वाटते?" "हं." "कोर्ट कसं चाललं?" "चांगलं." बस्स. इतका बोलका माणूस, पण आज शब्द मोजून टाकत होता. मोनालीला रडूच यायचं बाकी होतं. पण गप्प बसेल तर ती मोनाली कसली?

"म्हणजे माझ्याकडे पाहून आता काहीच होत नाही तुम्हाले?"

तो दचकला. हातानंच 'थांबा' म्हणाला, तिची बाटली उचलली आणि घटाघटा पाणी प्यायला.

"गोळीनं तोंड वाळते हो! जीभ टाळूले चिकटून राहिली... बोलू कसा? डॉक्टरनं थायरॉइड, शुगर, सगळं तपासलं. म्हणाले, काही आजार नाही. घामाले हुकूम देणाऱ्या नसाच जास्त उतावळ्या आहेत. भीतीनं घाम वाढते, पण मी भित्रा आहे म्हणून येत नाही. कपाळाले लावायले औषध दिलं अन् ही गोळी. तोंड फार वाळलं तर कमी करू म्हणाले."

"म्हणजे तो घाम... माझ्यासाठी नव्हता?"

"नाही. साहेबांसमोर यायचा, भाजीवाल्यासमोरही यायचा."

मोनालीनं मान खाली घातली. काउंटरवरचा चष्मा उगाच पुसू लागली.

"पण मोनालीजी," तो हळूच म्हणाला, "आमच्या घराच्या खालीच चष्म्याचं दुकान आहे."

तिचा हात थांबला. "मग इथवर काहून येत होते?"

"काहून म्हणजे?... तुमच्यासाठी. घाम पुसत पुसत विचारलं असतं, तर तुम्हाले वाटलं असतं, घाबरून राहिला. म्हणून पहिले इलाज केला." त्यानं आणखी एक घोट घेतला. "मी घाबरलो नाही. लग्न कराल माझ्याशी?"

"उद्या दुपारी पारशिवनीचे पाहुणे येऊन राहिले मले पाहाले."

त्याचा चेहरा पार उतरला. मोनालीला ते मनापासून आवडलं.

"तुम्ही सकाळीच या," ती म्हणाली. "आईबाबांले घेऊन. पाहुण्यांले नाही म्हणून मी आजच फोन करते."